पाचर

गेटचा निकाल लागला म्हटल्यावर
बाबांनी विचारलं, "कितवं गेट? पहिलं, दुसरं, का तिसरं?"
बेळगावात गेट म्हणजे रेल्वेचं.
तिसऱ्याच्या पलीकडे उद्यमबाग,
तिथल्या फौंड्रीत एकतीस वर्षं
परशराम कंग्राळकर, मोल्डर, माझे बाबा.
"सहाशे बारा," मी म्हटलं, "मेटलर्जीत."
"बरं हाय की," म्हणाले,
आणि बशीतला चहा फुंकत राहिले.

टेबलावर चार कागद आहेत.
बंगळूरला मुलाखतीत रडवतात म्हणे.
पवईत संगणकावर अणू रचायचे,
दोन वर्षांत हात एकदाही काळा होणार नाही.
सुरतकलला समुद्र आहे, म्हणून गंजाचा अभ्यास चांगला.
आणि आखेन. फी नाहीच म्हणतात,
फक्त आधी खात्यात एवढे पैसे गोठवून दाखवायचे
की बाबांनी आकडा ऐकून रेडिओ बंद केला.
तेही सीमेवरचंच गाव आहे, नकाशात पाहिलं.
पाट्या कुठल्या भाषेत असतील, कोण जाणे.

अर्जात राज्य विचारतात. यादी खाली सरकवत कर्नाटक.
मातृभाषा विचारतात. यादी खाली सरकवत मराठी.
दोन रकान्यांच्या मध्ये एक रेघ,
केसाइतकी.

लहानपणी डबा द्यायला जायची तेव्हा पाहिलंय:
भट्टीवरचा ईरण्णा छोट्या साच्यात पाचर ओततो,
लाल असतानाच पाण्यात टाकतो, घणानं मोडतो.
मोडलेल्या तोंडावर टोकाशी पांढरं, पुढं राखाडी.
"बिळी भाळ ऐती," ईरण्णा म्हणतो.
बाबा वाकून बघतात, म्हणतात, "सिलिकॉन टाक अजून."
एक कन्नडात, एक मराठीत,
मध्ये चौदाशे अंशांचं लोखंड,
आणि कुणाचं काही अडत नाही.
तो पांढरा रंग म्हणजे काय,
हे मला तिसऱ्या वर्षी पुस्तकात सापडलं.
पान एकशे सत्त्याऐंशी. बाबांचं नाव नव्हतं.

प्रयोगशाळेत नमुना घासायचा असतो,
दोनशेवीसच्या कागदावर, मग चारशे, आठशे, बाराशे,
मग मखमलीवर, आरशासारखा होईपर्यंत.
आरशात काहीच दिसत नाही.
थोडं आम्ल लागलं की रेघा उमटतात:
एका कणाची हद्द संपते, दुसऱ्याची सुरू.
हुद्दार सर म्हणाले, "सीमा आधीपासून असतात,
आम्ल फक्त तिथं आधी खातं.
कण बारीक, तर सीमा जास्त. सीमा जास्त, तर धातू बळकट.
मात्र फार तापवलात, तर पहिली भेग तिथूनच."
वर्गात निम्मे मराठी, निम्मे कन्नड.
सगळे एकदम वहीत बघायला लागले.

आता हेतुपत्र लिहायचंय.
हा विषय का, पाचशे शब्दांत.
पहिलं वाक्य तीनदा खोडलं.
बाबा दारात उभे, पायताण घालत.
"शिकून काय करणार गं?"
"लोखंड का मोडतं ते बघणार."
"ते मला ठावं हाय," म्हणाले,
"खरं मला कुणी इचारलं न्हाई."
आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'.
त्या वाक्यात दोन्ही होतं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून
पाचरीचा अर्धा तुकडा आणला त्यांनी,
न बोलता कागदांवर ठेवला.
पंखा पाचवर आहे. आखेनचा एक कोपरा
तेवढा बाहेर राहिलाय, फडफडतोय.
मी अजून काही ठरवलेलं नाही.

"मोडल्या बाजूला हात लावू नको," आतून आवाज आला.
"घाम लागला की गंजतंय."

मी कधीच लावला होता.